भगवानरावांची पिकदाणी

आमच्या मुकुंदवाडीच्या इमारतीत रोज संध्याकाळी शेजारच्या गॅलरीतून खळखळ असा आवाज येतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणाचा तरी घसा बसलाय. तसं काही नसतं. आमचे भगवानराव रेड वाईनची चूळ भरत असतात.

हो, चूळच. घोटभर वाईन या गालातून त्या गालात फिरवायची, डोळे मिटायचे आणि मग आजोबांच्या पितळी पिकदाणीत थुंकायची. गंगापूरकडच्या त्यांच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेलं नाही, आणि आपण शिवलो असं भगवानरावही मानत नाहीत. "तोंडात हाय तवर अभ्यास, घशाखाली गेली की दारू," हा त्यांचा कायदा. एकदा ठसका लागून थेंबभर आत गेली, तर गृहस्थानं दुसऱ्या दिवशी उपास केला.

अभ्यासाआधी ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावायचा, म्हणजे जीभ साफ होते. पेला पांढऱ्या धोतरासमोर धरून रंग बघायचा. मी द्राक्षाचं नाव विचारलं की म्हणणार, "हल्लू, हल्लू. त्याला बोलू द्या की." चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास आला आणि हिरड्या आवळल्या तर कॅबर्ने. मऊ, पिकल्या आलूबुखारासारखी लागली तर मर्लो. जांभूळ आणि मागून मिऱ्याचा ठसका, म्हणजे शिराज. हा माणूस वरणसुद्धा असंच चाखतो. त्यामुळे आमची बायको वाटी देतानाच बजावते, "भाऊजी, हे गिळायचंय."

हे वेड लागलं त्यांच्या मेघामुळे. एकुलती एक मुलगी नाशिककडे वाईनच्या कारखान्यात लागली आणि यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पुढं बायको गेली. घरात बोलायला कुणी उरलं नाही. तेव्हा एका रविवारी यांनीच फोन लावला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "शिराज अन् कॅबर्नेत फरक काय असतो गं?" त्या दिवशी दोघं तासभर बोलत होते. मधली भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू आलं.

यंदा दिवाळीला मेघा आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊनच. पहिल्यांदाच सगळी वाईन तिनं एकटीनं केली होती. अख्खा मजला हॉलमध्ये जमला. भगवानरावांनी पेला दोनदोनदा धोतरासमोर धरून पाहिला; पोरीचंच काम ओळखता आलं नाही तर तिला तोंड कसं दाखवायचं?

त्यांनी भाकरी चावली, घोट घेतला, डोळे मिटले. समोरच्या कुलकर्ण्यांनी हळूच "कॅबर्ने" म्हणून पाहिलं. भगवानरावांनी नुसता हात वर केला. मग डोळे उघडून ते ठामपणे म्हणाले, "शिराज. अन् तोडणीला जरा उशीर केलास. पण लई ब्येस केलंस."

मेघानं कागद फाडला. शिराजच होती! आम्ही असा गलका केला की खालचा वॉचमन वर आला. कुलकर्ण्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भगवानराव नवरदेवासारखे मधोमध बसून होते, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान वाटला.

पांगापांग झाल्यावर मेघा धुण्यासाठी पिकदाणी उचलायला गेली आणि तिथंच थबकली. पिकदाणी कोरडी होती. तिनं बाबांकडे पाहिलं.

भगवानराव धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "पोरीच्या हातचं थुंकायचं असतं व्हय?"