पाच वर्षं, एका झटक्यात!

"लोक पीएचडीत रखडतात, कारण त्यांच्याकडे नियोजन नसतं! माझी बघा, पाच वर्षांत, ठरल्या तारखेला!" धाकटीनं घरात जाहीर करून टाकलं.

आयटीतली पीएचडी करायची, म्हणून तिनं नियोजनाचाही प्रोग्रॅमच लिहिला होता. टप्प्याची तारीख उजाडली की मार्गदर्शक मॅडमना आपोआप ईमेल जाणार, आणि त्याची प्रत दादाला. मजकूर सगळे आत्ताच तयार! तिला विद्यार्थिनी म्हणून घ्यायचं की नाही, हे मॅडम आज दुपारी सांगणार होत्या. त्याआधी हे त्यांना दाखवलं की काम फत्ते!

"पण चालतो का तो?" दादानं विचारलं.

"शेवटचं ईमेल जातंय का, तेच बघू की!" तिनं कॉम्प्युटरची तारीख पाच वर्षं पुढे ढकलली.

प्रोग्रॅम बिचारा आज्ञाधारक. पाच वर्षं उलटली आणि एकही ईमेल गेलं नाही, हे पाहून त्याची गाळणच उडाली असावी. लग्नघरातल्या वाढप्यासारखा तो भराभर सुटला!

टुंग! टुंग! दादाचा फोन थरथरू लागला.

"अगं, तापामुळे तुझं प्रबंधाचं प्रकरण लांबलं म्हणे. कधी आला ताप?"

"आला नाही! येणार आहे! तिसऱ्या वर्षी!"

"तापसुद्धा आधी ठरवलास?"

"विलंबाची तरतूद ठेवावी लागते!"

टुंग!

"'मॅडम, ऑपरेशननंतर आता बरं वाटत असेल.' यांना काय झालं?"

"काही नाही रे दादा! त्यांच्या वयात एखादं ऑपरेशन धरायला नको?"

टुंग!

"'पदवीबद्दल आभार. आता मनमोकळं सांगते, तुमच्या तासाला मला झोप आवरायची नाही.'"

धाकटीनं इंटरनेटची वायर उपटली. तिचा चेहरा पांढराफटक! तेवढ्यात तिचाच फोन वाजला. मॅडम!

"मॅडम, मी फक्त तारीख..."

"थांब. पाच वर्षं वाचून आत्ताच उठतेय मी. तुझा ताप, माझं ऑपरेशन, माझे झोप आणणारे तास, सगळं कळलं."

"सॉरी, मॅडम!"

"सॉरीची ईमेलंही पोचली. ढीगभर! एकच कळलं नाही. तुझा संशोधनाचा विषय कोणता?"

धाकटीनं दादाच्या फोनवर सगळी ईमेलं वरखाली केली. ताप होता, ऑपरेशन होतं, आभार होते. विषय कुठेच नव्हता!

"मॅडम," ती पुटपुटली, "त्याला तारीख द्यायची राहिली."

"मग ती मी देते. उद्या सकाळी. आवडला तरच तुला घेईन. आणि ताप आला म्हणून सांगू नकोस, तो तिसऱ्या वर्षी आहे!"