सामंतांची झाकणं

सामंतांच्या घरी चिनी मातीच्या डब्यांनी भरलेलं एक काचेचं कपाट होतं आणि त्यातल्या बहुतेक डब्यांना झाकणं नव्हती. कुणी विचारलं की सामंत सांगायचे, "झाकणं गावाला गेलीत. येतील." आणि चहा टाकायला आत निघून जायचे.

सिल्वासाच्या सरकारी वसाहतीत आम्ही शेजारी होतो. मी शाळेत मराठी शिकवायचे, सामंत बांधकाम खात्यात हेडक्लार्क. मूळचे वेंगुर्ल्याचे आणि सडेफटिंग. वसाहतीतली बाकी बिऱ्हाडं सगळी बदलीची. चार वर्षं राहायचं, ओळखी करायच्या आणि कागद आला की ट्रक भरायचा. सामंत तेवढे इथेच कायम झाले होते.

रविवारी ते बसने दमणला जायचे. पोर्तुगीज गेल्यावर तिथल्या जुन्या घरांतलं काय काय भंगारवाल्यांकडे आलेलं असायचं. त्यातून छत्रीवाली मडम, कान तुटलेला कुत्रा, गुलाबाच्या नक्षीच्या डब्या, असं निवडून आणायचे. खरेदी शालीत गुंडाळून छातीशी धरलेली असायची, त्यामुळे लोक बाळ समजून त्यांना जागा द्यायचे. सामंतही ती बिनदिक्कत घ्यायचे. मडमेची धूळ झाडायला दाढीचा कोरा ब्रश, स्वतःच्या दाढीला मात्र झिजलेला. आपण कपाटाजवळ गेलो की मागून आवाज आलाच, "हात नको हां बाई, डोळे चालतील."

कुणाची बदली झाली की वसाहत वर्गणी काढून स्टीलचा डबा द्यायची. सामंत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक झाकण द्यायचे. नुसतं झाकण. डबी कपाटात. यावरून वसाहतीत त्यांची यथेच्छ टिंगल चाले. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई तर त्यांना कवडीचुंबकच म्हणायच्या, आणि माझंही मत काही फार वेगळं नव्हतं.

मग आमच्या ह्यांची नाशिकला बदली झाली. ट्रक दारात उभा असताना सामंत पुडी घेऊन आले. आत निळ्या पक्ष्याच्या डबीचं झाकण. ती डबी मला फार आवडायची, म्हणून मला जास्तच राग आला. मी सरळ विचारलं, नुसतं झाकण घेऊन मी काय करू?

सामंत चपलेकडे बघत राहिले. मग एरवी वसाहतीत कधी न बोललेल्या त्यांच्या मालवणीत म्हणाले, "डबी हयसरच असतली, बाई. कधी इलात तर लावून बघू."

इतकी वर्षं कपाटातल्या डब्या उघड्या का, ते मला तेव्हा कळलं. आजवर कुणी आलं का परत, मी विचारलं.

"येतील," सामंत म्हणाले. "लोकांना कामं असतात."

पुढे काही वर्षांनी सिल्वासाजवळच्या सामरवरणीत एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मी झाकण पर्समध्ये टाकून गेले. सामंतांनी दार उघडलं, पण या-बसा काही नाही. त्यांचं लक्ष माझ्या पर्सकडे. डबी त्यांनी स्वतः काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "लावा हात."

मी झाकण लावलं. पक्ष्याचं शेपूट डबीवर होतं, ते वरच्या पंखांना बरोब्बर जुळलं. सामंतांनी शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला हाक मारली, डबी फिरवून फिरवून दाखवली, माझी ओळख करून दिली आणि एवढ्या गडबडीत चहात साखर घालायची विसरले. मी तो तसाच प्याले.

निघताना त्यांनी झाकण हळूच काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, आता राहू दे की, जोडी पुरी झाली.

सामंतांनी मान हलवली.

"न्या बाई. नायतर तुमी परत कित्याक येशात?"

मी झाकण पर्समध्ये ठेवलं.