व्हर्नाबाईसाहेब जिना उतरल्या त्याची हकीकत

बर्फ वितळते आणि माणसे विसरतात, म्हणोन हा मजकूर वेळीच लिहून ठेवणे प्राप्त जाहाले. सस्कॅचवान प्रांती पॉपलर बट नामे मौजा, उंबरे दोनशे दहा, तेथील कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड घसरवून वर्तुळांत बसविण्याच्या खेळाच्या, क्लबात वज्रचुडेमंडित व्हर्नाबाई प्रिस्तुपा यांनी बारा वेळा गावचा किताब घेतला. दगड बेचाळीस पौंडांचा, परंतु बाईसाहेब वाकून, बर्फावर घसरत जाऊन तो सोडीत, तेव्हा जात्यावरल्या सासुरवाशिणीच्या ओवीसारखा लांबत लांबत जाई आणि नेमका माहेरच्या दारी, म्हणजे वर्तुळांच्या मध्यबिंदूवर, थांबे. शत्रूही टोपी काढीत.

मग नाताळाचे सुमारास उजवा गुडघा फितूर जाहाला आणि वाकणे सरले. ज्यास वाकवत नाही त्याने उभ्याने चालत, काठीच्या टोकाने दगड ढकलावा, ऐसी मोकळीक कायद्यात आहे. परंतु दहा वर्षांमागे सरदार मेट्रो हलुश्को, उमर तेव्हा एकाहत्तर, प्रथम काठी घेऊन उतरले, तेव्हा बाईसाहेब भर क्लबात बोलून गेल्या होत्या, “मेट्रो, हा खेळ आहे, फरशी पुसणं नाही. काठी लागली की माणसानं वर जाऊन कॉफी प्यावी.” सारा क्लब हसला, मेट्रोराव हसले नाहीत, आणि तैंपासून उभयतांचे बोलणे बंद. आता आपलेच फर्मान आपल्यावर उलटले, आणि बाईसाहेब मुकाट्याने एकोणीस पायऱ्या चढून वर काचेमागे जाऊन बसल्या. तेथून खाली दगडापुढले बर्फ झाडूने घासणाऱ्या आपल्या फौजेस हुकूम सोडीत, पण काच आवाज जाऊ देईना, आणि शेजारच्या म्हाताऱ्या म्हणत, “व्हर्ना, कानाशी नको गं, आम्ही नाही झाडू मारत.”

फौजेत तिघीच उरल्या, तरी धाकटी जाऊ स्टेलाबाई हिने ती अंतिम लढाईपावेतो आणली. गाठ मेट्रोरावांशीच. मार्चची पाच तारीख, थंडी उणे चौतीस, आणि ऐन वेळी खबर आली की तिघींतल्या आयरीनबाईंची गाय अडली, त्या गोठा सोडून येत नाहीत. तिघांहून कमी माणसे असता न खेळता हार, हा कायदा. मग स्टेलाबाई धापा टाकीत वर आली.

“जाऊबाई, मी नि डार्लीन, दोघीच उरलो. खाली चला.”

“माझा गुडघा?”

“त्यालाही घेऊन चला.”

“आणि दगड काय फुंकून सोडू? साऱ्या क्लबात काठी एकच. त्याची.”

“मग मागा ना.”

“त्यापेक्षा हरलेलं बरं,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि कॉफीचा भरला पेला खाली ठेविला, कारण हरणे त्यांस ठाऊक होते, पण न खेळता हरणे कधी घडले नव्हते.

इतक्यात मेट्रोराव खुद्द जिन्याच्या पायथ्याशी आले आणि दहा वर्षांचा अबोला मोडून वरती बोलले, “व्हर्ना, उतर. न खेळता मिळालेला किताब घरी नेला तर बायको दार उघडायची नाही. काठी माझी घे. तुझा दगड झाला की मला दे, माझा झाला की तुला.”

मग बाईसाहेबांनी कूच केले. पहिल्याच पायरीस गुडघ्याने फिर्याद गुदरली, सातवीस मुक्काम पडला, अकरावीस माघारी फिरावे ऐसी मसलत मनी आली, परंतु मागे स्टेलाबाई पाठीस चिकटल्यागत उभी, वाट बंद. कठड्याचे लाकूड तेवढे साक्षी की त्या दिवशी एक बाई किती जड होती.

आणि मग लढाई ऐसी जाहाली की पूर्वी न ऐकिली. एकाने वार करावा आणि तीच तलवार मूठ फिरवून शत्रूस द्यावी. बाईसाहेबांचा पहिला दगड वर्तुळे ओलांडून पाठच्या फळीवर धाडकन आदळला. दुसरा मध्येच निजला. मग त्या मेट्रोरावांची पावले न्याहाळू लागल्या, आणि मेट्रोराव काठी पुढे करीत हळूच बोलले, “मनगटात काही नाही. टपालपेटीकडं जातो तसं चालायचं. पत्र आलं असलं तर मिळेल.”

“मी विचारलं का?”

“नाही. बघत होतीस.”

पाचव्या फेरीस दगड ऐकू लागला, आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीस उतरले तो पाच-पाच बरोबरी. मेट्रोरावांचा दगड मध्यबिंदूस अर्धा झाकून बसला, आणि सोडावयाचा एकच दगड राहिला, तो बाईसाहेबांचा. मेट्रोरावांनी काठी दिली. मूठ त्यांच्या हाताने ऊबदार जाहाली होती. काठी चुकून हातून निसटली ऐसे मेट्रोरावांनी म्हटले असते तर कोण विचारणार होते? परंतु त्यांनी ती नीट, दोन्ही हातांनी दिली, आणि बाईसाहेब चालल्या, टपालपेटीकडे चालल्या, आणि कायद्याच्या रेषेआधी दगड सोडून ओरडल्या, “घास, डार्लीन, घास, मेले, जेवली नाहीस का?” डार्लीनबाई पोस्टमास्तरीण, एकटीने झाडू ऐसा चालविला की बर्फास घाम फुटला. दगड आला, मेट्रोरावांच्या दगडास टेकला आणि त्यास हळूच बाजूस सारून, शेजारणीने चटईवर जागा करून घ्यावी तैसा, बसला. माप फिरले. बाईसाहेबांचा दगड मध्यास नखभर जवळ, म्हणोन गुण त्यांचा. फत्ते सहा-पाच. मेट्रोरावांनी हातमोजा काढून हात पुढे केला.

या मुलखाचा रिवाज ऐसा की लढाईनंतर दोन्ही फौजांनी एका मेजाशी बसावे, दारूचा पहिला पेला जिंकल्याने पाजावा, दुसरा हरल्याने. पहिला पेला बाईसाहेबांनी पाजला.

“तेव्हा बोलले ते वाईट बोलले,” बाईसाहेब म्हणाल्या.

“काय ते? मी विसरलो.”

“खोटं बोलतोस.”

“हो.”

मग पेले रिकामे जाहाले आणि मेट्रोराव रिवाजाप्रमाणे उठू लागले, तो बाईसाहेबांनी त्यांच्या बाहीस धरून खाली बसविले आणि गुडघ्यासह आपण उठून दुसराही, हरल्याने पाजावयाचा, पेला आपणच आणिला, आणि मेट्रोरावांनी तो आणू दिला. किताब तेरावा हा तर फळ्यावर लिहिला आहेच. मौजे पॉपलर बट येथे त्या दिवशी जी फत्ते जाहाली ती ही, म्हणोन नोंदली असे.