ओठांतली टाचणी

नागोजीराव शिंप्यांनी साठी उलटल्यावर प्रार्थना शिकायला घेतली, आणि तीही दुकानाच्या वेळात. "मन भटकलं की ओढून नामावर आणायचं. जन्मभर एवढंच," असं भजनी मंडळातल्या मानाजीरावांनी सांगितलं होतं. त्यासाठी वेगळा वेळ काढणं नागोजीरावांना उधळपट्टी वाटली. कोट बेतताना ओठांत टाचण्या असतात, तोंड बंदच. तेवढ्यात नाम उरकेल.

त्या दिवशी देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात जयतीर्थ नावाचं गिऱ्हाईक कोट अंगावर चढवून उभं होतं. संध्याकाळी नंजनगूडला त्याचंच लग्न. नागोजीरावांच्या ओठांत दोन टाचण्या, मनात नाम. मन बाहीवर गेलं, तिथून दुपारच्या सारावर गेलं, आणि अचानक त्यांच्या तावडीत सापडलं. चोर पकडल्याच्या आनंदात ते मोठ्यानं म्हणाले, "विठ्ठल."

एक टाचणी खाली पडली. दुसरी कुठंच दिसेना.

"काय झालं रीं?" जयतीर्थानं विचारलं.

"गिळली." नागोजीरावांनी गळा धरला.

आत काजं करत बसलेल्या त्यांच्या पत्नी भागीरथीबाई बाहेर आल्या. "अहो, बोलू नका. सुम्ने बसा." त्यांनी रसबाळे केळं सोललं. "चावायचं नाही. गिळा."

"रुततंय."

"कुठं?"

नागोजीरावांनी गळा दाखवला, मग छाती, मग पोट.

"टाचणी आहे की बन्नूरची बस? जिथंतिथं थांबतीय." पण बोलता बोलता त्यांनी दुसरं केळंही सोललं.

"मी रिक्षा आणतो," जयतीर्थ म्हणाला.

"कोट काढून जा. कच्ची शिलाई आहे," नागोजीराव म्हणाले.

"कोट राहू दे तो," भागीरथीबाई म्हणाल्या. "आता तरी देवाला हात जोडा."

नागोजीरावांनी डोळे मिटले. बाही गेली, सार गेलं, विठ्ठलाचं नावसुद्धा आठवेना. 'बाहेर काढ', एवढंच आत उरलं आणि तिथंच थांबलं.

जयतीर्थ कोटासकटच चपला घालायला वळला. तो स्टुलावर टेकला आणि टेकल्याटेकल्या उभा राहिला.

टाचणी कोटाच्या मागच्या घेरात होती. मन सारावर असताना हातानं ती नेमकी जागच्या जागी लावली होती.

"मामा," जयतीर्थ मागे चोळत म्हणाला, "लग्नात मला बसायचंय हं."

संध्याकाळी मानाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या वेळी मन कुठं गेलं होतं?"

"कुठंच नाही."

"मग शिकलात की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजीराव ऐटीत विठ्ठलाच्या तसबिरीसमोर बसले. डोळे मिटलेले, ओठ हलते, आणि बोटं धोतराच्या काठाची लांबी मोजत होती. भागीरथीबाईंनी ती बोटं पाहिली. मग टाचण्यांची डबी आणून त्यांच्यापुढं ठेवली.