राजकन्या खाली उतरेना

शाळेच्या नाटकात आमच्या कन्येला राजकन्येचं काम मिळालं, म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. घरी येऊन बघतो तर राजकन्या पलंगाखाली!

"मला नाही करायचं! ती नुसती मनोऱ्यात बसून रडते. राजपुत्र येईपर्यंत काहीच करत नाही!"

(ही गोष्ट लहानपणी मलाही ऐकवायचे. मी वेळेवर झोपायचो.)

"बाईंना सांगून नाव काढून टाकू," बायको म्हणाली. पलंगाखालचा सूर आणखी चढला. मला कुणाचं रडणं सोसत नाही, जीव नुसता खालीवर होतो आणि तोंडातून भलतंच निघून जातं. निघालंच. "थांब! मी तुला गाणं लिहून देतो. अस्सल खलनायिकेचं!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. झालं, मी पेटलो. दुसऱ्या दिवशी साहेबांची नजर चुकवून फायलीआड गाणं लिहिलं:

रडले मी, भुलला राजा, उघडले त्याने दार,
आता माझ्या हाती चाव्या, माझाच कारभार!
राजा नको, प्रधान नको, दोघांनाही कोठडी,
राजपुत्र येऊ दे, त्याची वळते मी गठडी!

बाईंना गाणं आवडलं, पण त्यांनी एक अट घातली. शेवटी राजकन्येनं माफी मागून सिंहासनावरून उतरायचं, नाहीतर काम दुसरीला. कन्येनं मुकाट मान डोलावली. (अशी मान तिची आईसुद्धा डोलावते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

मग घरी तालीम सुरू झाली. माझी आरामखुर्ची सिंहासन झाली. राजा, प्रधान, राजपुत्र, सगळे मीच, त्यामुळे कोठडीतही मीच. कोठडी म्हणजे बाथरूम, पेपर तिथंच वाचायचा!

नाटकाच्या दिवशी मला एका जागी बसवेना. कन्या मात्र ठणठणीत गायली, टाळ्या थांबेनात. माफीची वेळ आली. कन्या ढिम्म.

"उतर गं!" पडद्याआडून बाई.

"का? मी तर जिंकलेय!"

राजपुत्रानं भोकाड पसरलं. बाई माझ्याकडे बघून ओरडल्या, "अहो, तुम्हीच उतरवा तिला आता!" आता बाई हिला रागावणार, ही पुन्हा पलंगाखाली जाणार, या धास्तीनं मी धडपडत स्टेजवर चढलो.

"बाळा, उतर ना. शहाणी ना माझी?"

"शिपायांनो!" कन्या गरजली. पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले सहा शिपाई धावून आले. तलवारी खोट्या होत्या, उड्या मारायच्या दोऱ्या खऱ्या. मला खांबाला बांधलं, तोंडात रुमाल कोंबला. सभागृह हसून हसून लोळलं आणि पडदा पडला.

मुख्याध्यापिकाबाई स्टेजवर आल्या. आता पोरीची धडगत नाही, म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी तिला चक्क जवळ घेतलं! "काय सुंदर काम केलंस गं! आणि गाणं कुणी लिहिलं?"

"मी," कन्या सिंहासनावरूनच म्हणाली.

मी खांबाला जखडलेल्या अवस्थेत जिवाच्या आकांतानं 'नाही, नाही' अशी मान हलवली. तेवढ्यात बायको वर आली. मी आशेनं तिच्याकडे बघितलं.

"पहिल्यापासूनच हुशार आहे हो," ती मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली. "वडिलांवर नाही गेली."