दारापर्यंतचे गमरेकाका

गमरेकाकांच्या घरची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "बसा. नाव पुकारलं जाईल."

बसायला दाराबाहेर एक लाकडी स्टूल आहे. पॅसेजमध्ये सामान ठेवू नये असा आमच्या नेरुळच्या सोसायटीचा ठराव आहे आणि तो माझ्याच अक्षरात आहे. तरी मी त्या स्टुलावर मुकाट बसते. दोन मिनिटांनी काका बाहेर येतात, दार मागे ओढून घेतात, हातातल्या कागदाकडे बघतात (कागद कोरा असतो, मी पाहिलाय) आणि पॅसेजमध्ये माझ्याशिवाय चिटपाखरू नसताना डावीकडे-उजवीकडे नजर फिरवून खड्या आवाजात पुकारतात, "पाटकर रोहिणी वसंत!"

मी उठते. ते मला नखशिखान्त न्याहाळतात. "रुमाल आहे? पाणी प्यायलात? मग चला. आणि बाई, धावायचं नाय."

मी विरजण मागायला आलेली असते.

काका एकटेच राहतात. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. त्यामुळे पुकारायला माणसं कमी पडतात आणि दूधवाला, गॅसवाला, कुरिअरवाला अशा सगळ्यांना हा सोपस्कार पार पाडावा लागतो. आमच्या कुरिअरवाल्याच्या वडलांचं नाव अख्ख्या मजल्याला पाठ आहे.

हे काका आमच्या क्लबात आले ते माझ्या चुकीनं. आमचा एक सेवा क्लब आहे. डॉक्टर, आर्किटेक्ट, सीए अशी वजनदार मंडळी, आणि त्यांच्यात बिनवजनाची मी, निवृत्त शिक्षिका. म्हणून सेक्रेटरी. आम्ही 'सोबत' नावाचा उपक्रम काढला. सारसोळे, तुर्भे भागातल्या नोकरी शोधणाऱ्या एकेका मुलामुलीला एकेक मार्गदर्शक जोडून द्यायचा, आणि मुलाखत होईपर्यंत त्यानं त्यांचा हात सोडायचा नाही. मार्गदर्शक हवेत म्हणून मी सोसायटीत फॉर्म वाटले. गमरेकाकांनी 'मुलाखतींचा अनुभव' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: निवड मंडळ कार्यालय, चौतीस वर्षं.

मी हुरळून गेले. पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही. पहिल्या सभेत काकांना शाल घातली आणि माईकवरून सांगितलं, "चौतीस वर्षं ज्यांनी हजारो उमेदवारांचं भवितव्य घडवलं, असं व्यक्तिमत्त्व आज आपल्यात आहे." काकांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते. मग उठून म्हणाले, "बाईंनी जरा जास्त सांगितलं. मी दाराबाहेर बसायचो."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. केवढा हा विनय, असं सगळ्यांना वाटलं.

त्यात विनय वगैरे काही नव्हता. काका शिपाई होते. मुलाखतीच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचं, आतली बेल वाजली की यादीतलं पुढचं नाव पुकारायचं, ही त्यांची नोकरी. आत काय विचारतात ते त्यांना चौतीस वर्षांत कधी ऐकू आलं नाही. "दारापर्यंत माझं, आतलं साहेबांचं," असं ते आजही म्हणतात. पण दारापर्यंतचं जे त्यांना ठाऊक होतं, ते आमच्या एकाही वजनदाराला ठाऊक नव्हतं. चपलेच्या आवाजावरून ते सांगत, हा माणूस रात्रभर जागलाय. त्यांच्या कापडी पिशवीत सेफ्टी पिना, कंगवा, सुई-दोरा, बुटाच्या नाड्या, जादा बॉलपेन आणि लिमलेटच्या गोळ्या कायम असत. घसा कोरडा पडला की गोळी, बटण तुटलं की सुई. आणि त्यांचा एक ठाम सिद्धान्त होता. बाहेर येताना जो दार हळू लावतो, तो पास.

"पुरावा काय?" आमच्या सीएंनी एकदा विचारलं.

"तुमी चौतीस वर्षं बसा, मग बोलू," काका म्हणाले.

भांडं फुटलं ते चित्रेसाहेबांमुळे. चित्रे मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्याचे प्रमुख. सूट घालून सभेला येतात, एसी बंद असला तरी. त्यांनी काकांना विचारलं, "तुमचं मंडळ लीडरशिप नेमकी कशी जोखायचं?"

"मला काय माहीत? दार बंद असायचं."

मग सगळा उलगडा झाला. कमिटीची बैठक बसली. काकांना कोणी दुखावलं नाही, आमच्या क्लबात कुणाला दुखावत नाहीत. त्यांना फक्त 'वेगळी जबाबदारी' देण्यात आली. चहा-बिस्किटांची. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर मीही केला. चूक माझी, आणि ती निस्तरायला चहाची किटली काकांच्या हातात. मला त्याची आजही लाज वाटते. काकांनी मात्र त्याच शनिवारी चहा असा वेळेवर आणला की सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, आणि त्यांना जोडून दिलेली मुलगी, प्रणाली, चित्रेसाहेबांकडे गेली.

प्रणाली तांडेल सारसोळ्याची. वडलांची होडी आहे, खाडीत मासेमारी करतात. पोरीनं एकच गोष्ट मनात धरली होती, बंदरावरची क्रेन चालवायची. प्रशिक्षणासाठी एका कंपनीत मुलाखत होती. वयाची अट असल्यामुळे तिची ही शेवटची संधी होती. याआधी दोनदा तिला पत्र आलं होतं आणि दोन्ही वेळा ती मुलाखतीला पोचलीच नाही असा शेरा होता. चित्रेसाहेबांनी तिला कसं बसावं, हात कुठे ठेवावेत, 'तुमच्या उणिवा काय' याला काय उत्तर द्यावं हे सगळं शिकवलं आणि रंगीत तालमीसाठी बेलापूरच्या आपल्या ऑफिसात बोलावलं. ती आलीच नाही.

"शी इज नॉट सीरियस," शनिवारी चित्रे म्हणाले. प्रणाली समोर मान खाली घालून उभी. "तिच्या जागी दुसरं नाव घेऊ."

काका चहा देत होते. कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पोरी, दार कसलं होतं?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

"काचेचा," प्रणाली म्हणाली.

"ढकलायचं, ओढायचं, की आपोआप उघडणारं?"

"त्याच तं मना कललं नाय, काका!" तिला एकदम रडू फुटलं. "मानसां जात होती, येत होती. मी उभीच. मागं साहेब लोक थांबलं. मंग मी बाजूला झाली न घरा आली. आधी दोनी टायमाला बी तसाच झाला."

म्हणजे क्रेनच्या शंभर फुटांच्या शिडीवर चढायला ही मुलगी तयार, आणि काचेच्या दारापाशी पाय थिजतात. मला हसू येणार होतं, पण काकांचा चेहरा बघून आलं नाही. त्यांनी किटली टेबलावर ठेवली. "साहेब, आतलं तुमी शिकवलंत, ते बरोबरच असणार. पंधरा दिवस पोरगी मला द्या. दारापर्यंतची."

चित्रेसाहेबांनी खांदे उडवले. आमच्या क्लबात तो होकार धरतात.

मग पंधरा दिवस काकांनी प्रणालीला नवी मुंबईची दारं दाखवली. तुम्हाला गंमत वाटेल, पण दारांचे इतके प्रकार असतात हे मला साठीनंतर कळलं. बँकेचं जड दार, ज्याला खांदा लावावा लागतो. दातांच्या डॉक्टरचं दोन्हीकडे झुलणारं. वॉर्ड ऑफिसातलं अर्धवट, खालून पाय दिसणारं. आमच्या सोसायटी ऑफिसचं पावसाळ्यात फुगलेलं, ज्याला लाथच लागते. काका बाहेर बसत, नाव पुकारत, ती उठे, आत जाई, नमस्कार करून बाहेर येई. दातांच्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी तिची फुकटात दाढ तपासली.

"आत घ्यायचंच नसतं तर तिथं भिंत बांधली असती," काका तिला सांगत. "दार कशाला केलं असतं? दार केलंय म्हणजे कुणीतरी यायचंय. मग तूच का नाय?"

शेवटचा धडा सीवूड्सच्या मॉलमध्ये. मीही गेले, हात वर केल्याचं प्रायश्चित्त म्हणा. काका बाहेरच्या कट्ट्यावर बसले, कोरा कागद काढला आणि भर गर्दीत गरजले, "तांडेल प्रणाली काशिनाथ!" पन्नास माणसं थबकली. सिक्युरिटीवाला धावत आला. काकांनी त्याला लिमलेटची गोळी दिली आणि शांतपणे सगळं समजावलं. तो बीडकडचा पोरगा. गोळी चघळत थोडा वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, माझं बी एकदा पुकारा की." काकांनी पुकारलं. पोरगं टोपी सरळ करून ऐटीत स्वतःच राखत असलेल्या दारातून आत गेलं.

मुलाखतीच्या दिवशी मी, काका आणि प्रणाली रिक्षानं बेलापूरला गेलो. उमेदवाराशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. समोरच्या फुटपाथवर काकांनी तिला न्याहाळलं, ओढणीला पिन लावली, पाणी पाजलं आणि रस्त्यावरच नाव पुकारलं. ती गेली. काचेसमोर क्षणभर उभी राहिली. काच सरकली. ती आत गेली. काकांनी घाम पुसला.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. वेळ जाता जाईना, म्हणून मी विचारलं, "काका, इतक्या वर्षांत तुम्ही कधी आत गेलात का हो? मुलाखतीला?"

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

"बढतीची होती. शिपायाचा क्लार्क व्हायची. आठ नावं, सहावं माझं. दुसरा शिपाई रजेवर, म्हणून त्या दिवशी पण स्टुलावर मीच. पाच झाले. बेल वाजली. मी पुकारलं, गमरे शांताराम भिवा." त्यांनी तीन बोटं वर केली. "नियम आहे बाई, तीनदा पुकारायचं. मी तीनदा पुकारलं. पाय उठेनात. कॉरिडॉरमधली सगळी हसायला लागली, त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग मी यादीवर नावापुढे लिहिलं, गैरहजर. आणि सातवं नाव पुकारलं."

"घरी काय सांगितलंत?"

"जागाच भरली नाय म्हणालो. बायको शेवटपर्यंत साहेबांना शिव्या घालायची."

तेवढ्यात काका एकदम उठले. प्रणाली बाहेर येत होती. आणि काका हवालदिल. "अरे देवा! हे दार तर आपोआप लागतं. आता कसं कळणार?"

पण प्रणाली सरळ आमच्याकडे आली नाही. दाराशी एक बारकीशी मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती, ना पुढे ना मागे. प्रणाली तिच्यापाशी थांबली. रस्ता अरुंद, आवाज इकडे पोचला. "ढकलू नको. निस्ती उभी ऱ्हा. ता आपसूक उघडता. पानी प्यालीस?"

"पास," काका म्हणाले आणि खाली बसले.

महिन्याभरानं पत्र आलं. काका बरोबर होते.

वार्षिक समारंभात निवड झालेल्या मुलांनी आपापल्या मार्गदर्शकाला मंचावर बोलवायचं, असा कार्यक्रम होता. प्रणालीच्या कार्डावर मी स्वतः 'श्री. चित्रे' असं लिहिलं होतं. कमिटीच्या नोंदीत तेच नाव होतं आणि ते बदलायला पुन्हा ठराव लागला असता. चित्रेसाहेब कोटाचं बटण लावून तयारच होते. प्रणाली माईकपाशी आली. कार्ड उलटं करून तिनं त्याच्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं, डावीकडे-उजवीकडे नजर फिरवली आणि खड्या आवाजात पुकारलं, "गमरे शांताराम भिवा!"

काका सगळ्यात मागे, हातात कपांचा ट्रे. ते हलले नाहीत.

"गमरे शांताराम भिवा!"

सभागृहात थोडं हसू पसरलं. काकांच्या ट्रेमधले कप किणकिणत होते. त्यांना त्या कॉरिडॉरमधलं हसू आठवत असणार, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी उठले, मागे गेले आणि त्यांच्या हातातला ट्रे काढून घेतला. दुसरं काही मला सुचलं नाही. "रुमाल आहे?" मी विचारलं.

तिसऱ्यांदा नाव आलं.

"हजर," काका म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नसावं. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "हजर!"

त्यांनी कपाळ पुसलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि खुर्च्यांच्या मधून चालत निघाले. धावले नाहीत. पहिल्यांदा टाळी वाजवली ती चित्रेसाहेबांनी, कोटाचं बटण सोडून, हे सांगायलाच हवं. मी ट्रे धरून उभी होते. टाळ्या वाजवता येत नव्हत्या आणि डोळेही पुसता येत नव्हते. हा माणूस आमच्या मजल्यावर राहतो, असं मला त्या सगळ्या वजनदार मंडळींना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मंचाच्या शेवटच्या पायरीवर काका थांबले. चौतीस वर्षं जे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, ते त्यांनी हात जोडून विचारलं, "आत येऊ का?"

"या ना काका," प्रणाली म्हणाली. "हितं दारच नाय."