स्वयंचलित बढती

सांडपाणी खात्याच्या प्रमुखांना आपोआप गिअर बदलणारी गाडी मंजूर झाली, या बाबीचा सांडपाण्याशी वरकरणी काही संबंध नव्हता. गाडी आली आणि खात्याच्या आवारात उभी राहिली. तिच्यात क्लच नाही हे पाहून चालकाला आपली अर्धी नोकरी गेल्यासारखं वाटलं. मग त्याने डावा पाय पोटाशी घेऊन बसायची सवय लावली आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटला.

प्रमुखांचा प्रश्न मात्र मिटेना. ही गाडी कुणालाही न विचारता पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जात होती. त्यांच्या उभ्या नोकरीत, कुणालाही न विचारता, काहीही पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलेलं नव्हतं. सबब त्यांनी गाडी विकणाऱ्याला खुलाशासाठी पाचारण केलं आणि ऐकायला सगळं खातं आवारात उभं केलं.

त्या घोळक्यात टेकूभाऊ होते. हुद्द्याने ते साधे मुख्य लिपिक. सगळं खातं त्यांच्यावर टेकलेलं असे म्हणून हे नाव पडलं होतं आणि ते त्यांना कौतुक म्हणून घ्यावं की चेष्टा म्हणून, हे अजून कळलेलं नव्हतं.

"सोपं आहे साहेब," विक्रेता म्हणाला. "गाडी मुख्यतः दोन गोष्टी बघते. वेग किती आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय. वेग आहे आणि पाय हलका आहे, म्हणजे इंजिनावर ताण नाही. मग ती वरचा गिअर टाकते. पण चढ असेल, गाडी भरलेली असेल, पाय जोरात दाबलेला असेल, तर इंजिन ओढतंय असं समजायचं. मग ती खालच्याच गिअरमध्ये राहते."

"म्हणजे जो ओढतो तो खाली?"

"ओढायची ताकद खालच्या गिअरमध्येच मिळते ना साहेब."

"आणि ज्याच्यावर ताण नाही तो वर."

"अगदी बरोबर. शिवाय एकदा वर गेला की जरासा वेग मंदावला म्हणून लगेच खाली येत नाही. वर जायचा वेग वेगळा, खाली यायचा वेगळा. नाहीतर गाडी नुसती वरखाली करत बसेल. उतारावर मात्र..."

"पुरे," प्रमुख म्हणाले. "समजलं मला."

प्रमुखांना काही समजलं की त्याचं परिपत्रक निघतं, हा खात्याचा अनुभव होता. टेकूभाऊंनी मनातल्या मनात तारखा मोजल्या, कारण बढत्या तोंडावर आल्या होत्या.

या खेपेला आपला नंबर लागणार, असं ते घरी सांगून बसले होते. उपअधीक्षक झालं की खात्याच्या वसाहतीत तळमजल्याचं घर मिळतं. टेकूभाऊ राहत होते त्याच वसाहतीत, पण चौथ्या मजल्यावर, बिनालिफ्टच्या इमारतीत, आणि त्यांच्या आईच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. म्हातारी दिवसभर गॅलरीत बसून खालच्या बाकाकडे बघत असे. त्या बाकावर बसणाऱ्या बायकांची नावं, सुना आणि दुखणी तिला वरून पाठ झाली होती, पण ओळख एकीशीही नव्हती. तिला एकदा खाली त्या बाकावर नेऊन बसवायचं, एवढंच टेकूभाऊंचं आयुष्यात करायचं राहिलं होतं.

परिपत्रक निघालं. यापुढे बढती माणसाच्या शिफारशीने न होता गिअरच्या तत्त्वावर, निःपक्षपातीपणे आणि आपोआप होईल. टेबलावरून कागद किती लवकर सुटतो तो वेग, आणि काम करताना कर्मचाऱ्याला किती घाम येतो तो ताण. दोन्ही मोजायला एक निरीक्षक नेमला गेला. तो दिवसभर लोकांच्या कपाळाकडे बघत हिंडू लागला.

पहिलाच निकाल लागला तो अलगदरावांच्या बाजूने. अलगदराव हे टेकूभाऊंच्या शेजारच्या टेबलावरचे. त्यांच्या टेबलावर कागद आला की ते त्याला नुसता धक्का देत आणि कागद टेकूभाऊंच्या टेबलावर जाई. वेग खात्यात सर्वाधिक, कपाळ कोरडं ठणठणीत. ते उपअधीक्षक झाले. टेकूभाऊंच्या टेबलावर कागदांचा ढीग आणि कपाळावर धारा. निरीक्षकाने त्यांच्या नावापुढे 'पहिला गिअर' असं लिहिलं आणि वर सहानुभूतीने रुमाल पुढे केला.

टेकूभाऊ प्रमुखांकडे गेले. "साहेब, इतकी वर्षं मी ओढतोय."

"तेच तर म्हणतोय मी!" प्रमुख मनापासून म्हणाले. "तुम्हाला वर टाकलं तर खातं बंद पडेल. भरल्या गाडीला चढावर वरचा गिअर टाकतं का कुणी?"

घरी येऊन टेकूभाऊंनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग ओढू नका," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"जमायचं नाही गं मला."

"अहो, अलगदरावांना जमतं, तुम्हाला का नाही? आणि आईंना काय सांगायचं? कपाळाला घाम आला म्हणून घर गेलं?"

टेकूभाऊ गॅलरीत जाऊन आईच्या शेजारी उभे राहिले. खाली बाकावर एकीच्या सुनेचा पंचनामा चालला होता आणि म्हातारी कान देऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओढणं सोडलं.

कागद पुढे ढकलणं दोनचार दिवसांत हाताला बसलं. जड गेलं ते सकाळच्या फोनचं. रोज कचेरीत आल्या आल्या टेकूभाऊ वसाहतीजवळच्या सखल भागातल्या पंपघरात फोन करून "पंप चालू आहे ना?" असं विचारत. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. विचारलं म्हणून पंप चालू राही, एवढंच. पहिले काही दिवस त्यांचा हात फोनपर्यंत जाऊन माघारी येई. मग तो जायचाही थांबला. कपाळ सुकलं.

आता कागद अडवणारं टेबलच उरलं नाही. या टेबलावरून त्या, त्यावरून पुढच्या, असे ते दिवसभर फिरत आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथे परत येत. खात्याचा वेग कुणी कधी पाहिला नव्हता इतका वाढला. सगळ्यांना बढत्या मिळाल्या. खालच्या जागांवर कुणी उरलं नाही, याची प्रगती म्हणून नोंद झाली.

लोकही खूश झाले. पूर्वी टेकूभाऊ अर्ज वाचत, चुका काढत, "पाइप कुठे फुटलाय ते नीट लिहा" म्हणून परत पाठवत. जागोजागी धक्के बसत. आता अर्ज दिला की हसून घेतला जाई आणि तिथल्या तिथे मार्गस्थ होई. एक बाई तेवढ्या फार ओरडल्या. तेव्हा, पाय तळापर्यंत दाबला की गिअर खाली येतो, या नियमाने एका उपअधीक्षकांना तासाभरासाठी लिपिक करण्यात आलं. बाई गेल्यावर ते पुन्हा वर गेले. नागरिकांनी सह्यांचं आभारपत्र दिलं आणि ते चौकटीत घालून भिंतीवर लागलं.

टेकूभाऊंना तळमजला मिळाला. आई बाकावर जाऊन बसली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने बायकांना त्यांच्याच सुनांबद्दल अशा गोष्टी ऐकवल्या की त्या थक्क झाल्या. इतकं हसताना आईला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण केलं ते बरंच केलं, असं त्यांना वाटलं. मनापासून वाटलं.

मग एका सकाळी न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. दुपारी ते आईच्या पलंगाच्या पायांना लागलं. पंप कधी बंद पडला होता कोण जाणे. विचारणारंच कुणी नव्हतं.

टेकूभाऊंनी घाईघाईने कचेरीत फोन लावला.

"आली आहे की तक्रार," अलगदराव गोड आवाजात म्हणाले. "ताबडतोब पुढे पाठवली."

"कुणाकडे?"

"तुमच्याच टेबलावर असेल बघा."

त्यांनी फोन ठेवला आणि आईला पाठीवर घेतलं. चौथ्या मजल्यावरचं ओळखीचं जुनं घर अजून रिकामंच होतं. एकेक पायरी चढताना छातीचा भाता होत होता.

"ठेव रे मला खाली," आई म्हणाली. "केवढा दमलायस."

"खाली पाणी आहे आई."

"मग मला कशाला आणलंस रे खाली?"

टेकूभाऊंनी तिला पाठीवर जरा सावरून घेतलं. जिन्याच्या खिडकीतून त्यांना रस्ता दिसला. वसाहतीकडे येणाऱ्या उतारावरून प्रमुखांची गाडी वरच्या गिअरमध्ये, अगदी अलगद, कसलाही आवाज न करता येत होती. ती तशीच येत राहिली आणि पाण्यात शिरून थांबली. पाणी बघायला निघालेले प्रमुख भिजल्या पायांनी जिन्यात आले. गाडीच्या तपासणीसाठी म्हणून बरोबर विक्रेताही होता.

"उतारावर मात्र पाय ब्रेकवर ठेवावा लागतो," तो पायमोजे पिळत म्हणाला. "वरच्या गिअरमध्ये गाडी सुसाट सुटते. तेच मी त्या दिवशी सांगत होतो."

प्रमुखांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते टेकूभाऊंकडे बघत होते. पाठीवर वजन, पुढे चढ, कपाळावर घाम.

"पहिला गिअर," ते खिन्नपणे म्हणाले. घर अर्थातच परत घेतलं गेलं.

आभारपत्र अजून भिंतीवर आहे. सह्या पुष्कळ आहेत आणि त्यांत एक ओळखीची वाटते. उगाच नाकारू नका. धक्का बसला नाही म्हणून तुम्हीच तर केली होती.